ओझे धरून घाम फुटतो, तरी कार्य शून्य कसे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलतो आहोत याची खात्री होईल. १५ किलोची पिशवी जमिनीवरून उचलून १.४ मीटर उंचीवर खांद्याला लावली, ती घेऊन सपाट वाटेने ३० मीटर चाललो आणि मग ४ मीटर उंचीचा जिना चढलो. पिशवीवर किती कार्य झाले, असे गणित आहे. तुम्ही पिशवीचे वजन (वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण, १५ × ९.८) १४७ न्यूटन काढलेत, सगळी अंतरे मिळवून ३५.४ मीटर केलीत, गुणाकार केलात आणि उत्तर आले ५,२०४ ज्यूल. पुस्तक म्हणते ७९४. त्याखाली तुमच्या तीन शंका आहेत. पिशवी धरून नुसते उभे राहिले तरी हात भरून येतो, घाम फुटतो, मग कार्य शून्य कसे? एकसमान वेगाने उचलताना वरचे आणि खालचे बल सारखेच, म्हणजे निव्वळ बल शून्य, मग कार्य येते कुठून? आणि घर्षणाने केलेले कार्य नेहमी ऋणच असते का?

मी २२ वर्षे भौतिकशास्त्र शिकवते आहे आणि या तीन शंका मला दर वर्षी भेटतात. बहुतेक वेळा त्या हुशार मुलांकडून येतात, कारण बाकीची मुले सूत्रात आकडे भरून पुढे निघून जातात. तुमचा गुणाकार बरोबर आहे. अडचण आकडेमोडीच्या आधी, ‘कार्य’ या शब्दातच आहे.

रोजच्या बोलण्यात काम माणूस करतो. ‘मी आज खूप काम केले’ या वाक्यात कष्ट, वेळ, थकवा सगळे येते. भौतिकशास्त्रातले कार्य माणसाच्या नावावर लागत नाही, ते बलाच्या नावावर लागते. म्हणून ‘किती कार्य झाले?’ हा प्रश्नच मुळात अर्धा आहे. पूर्ण प्रश्न असा: कोणत्या बलाने, कोणत्या वस्तूवर, कोणत्या विस्थापनात (म्हणजे वस्तू कोणत्या दिशेने किती सरकली त्यात) किती कार्य केले? माझ्या वर्गात हे वाक्य पूर्ण लिहिल्याशिवाय मी कोणाला आकड्यांना हात लावू देत नाही. पहिले दोन आठवडे मुलांना याचा कंटाळा येतो. नंतर मात्र तीच एकमेकांना विचारू लागतात, ‘कोणत्या बलाचे?’ तुमच्या तिन्ही शंकांमध्ये हाच एक शब्द गाळलेला आहे.

पण अशी विचित्र व्याख्या केलीच का, हे कळल्याशिवाय ती मनाला पटत नाही, म्हणून तिथे थोडे थांबते. एक जड दगड आहे, तो पहारीने उचलायचा आहे. समजा दगडाला वर ढकलायला ६०० न्यूटन लागतात आणि तो ५ सेंटीमीटर उचलायचा आहे. पहारीचा हाताकडचा भाग दगडाकडच्या भागाच्या सहापट लांब असेल, तर हाताला फक्त १०० न्यूटन लावावे लागतात. मोठीच सवलत मिळाली. पण हात किती खाली गेला ते पाहा: ३० सेंटीमीटर, म्हणजे सहापट. आता दोन्हीकडचे गुणाकार करा. दगडाकडे ६०० गुणिले ०.०५ म्हणजे ३० ज्यूल, हाताकडे १०० गुणिले ०.३ म्हणजे तेही ३० ज्यूल. पहारीने बल बदलले, अंतर बदलले, गुणाकार बदलला नाही. कप्पी घ्या, उतरती फळी घ्या, जॅक घ्या, घर्षण बाजूला ठेवले तर सगळीकडे हेच दिसते. यंत्र बलाची आणि अंतराची अदलाबदल करून देते, पण त्यांच्या गुणाकारात भर घालू शकत नाही. जी राशी यंत्रालाही बदलता येत नाही, तिला नाव द्यायलाच हवे होते. गास्पार-गुस्ताव कोरिओलिस या फ्रेंच अभियंत्याने १८२९ मध्ये बल आणि अंतराच्या या गुणाकाराला ‘कार्य’ या अर्थाचा फ्रेंच शब्द नेमकेपणाने वापरला. तो काळ यंत्रांचा होता आणि कोणते यंत्र खरोखर किती देते हे मोजण्याची गरज रोजची होती.

या व्याख्येत वेळ नाही, हेही लक्षात घ्या. तीच पिशवी एका सेकंदात उचला किंवा एका मिनिटात, कार्य तेवढेच. वेळेचा हिशेब हवा असेल तर त्याला शक्ती ही वेगळी राशी आहे. जेम्स वॅटने अश्वशक्ती ठरवली ती मिनिटाला ३३,००० फूट-पौंड अशी, म्हणजे आजच्या भाषेत सुमारे ७४६ वॅट. बल आणि वेळ यांचा गुणाकारही भौतिकशास्त्रात आहे, पण त्यातून संवेगातला (वस्तुमान गुणिले वेग) बदल मिळतो, ऊर्जा नव्हे. पिशवी धरून अर्धा तास उभे राहताना तुमच्या मनात नकळत हाच दुसरा गुणाकार चालू असतो.

आता पहिली शंका. दोन्ही हात पुढे ताणून पुस्तकांची चळत धरायला मी एका मुलाला सांगते आणि तशीच चळत शेजारच्या टेबलावर ठेवते. दीड-दोन मिनिटांत मुलाचे हात थरथरायला लागतात. टेबल जसेच्या तसे उभे. दोघेही पुस्तकांना तेवढ्याच बलाने वर रेटत आहेत आणि दोन्हीकडे पुस्तके जागची हललेली नाहीत. पुस्तकांच्या बाजूने पाहिले तर मुलात आणि टेबलात काही फरक नाही: त्यांची उंची वाढली नाही, वेग वाढला नाही, ऊर्जा वाढली नाही. म्हणून पुस्तकांवर झालेले कार्य शून्य.

मग थकवा कशाचा? तो शरीराच्या आतला आहे आणि तो खरा आहे. स्नायू ताणून धरायचा म्हणजे त्यातल्या सूक्ष्म तंतूंना एकमेकांना पकडायचे, ओढायचे, सोडायचे आणि पुन्हा पकडायचे हे चक्र अखंड चालू ठेवावे लागते. प्रत्येक चक्राला शरीरातले रासायनिक इंधन लागते आणि बाहेर काहीच हलत नसल्याने त्याची सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. घाम त्या उष्णतेचा आहे. टेबलाच्या लाकडाला असले काही करावे लागत नाही, ते किंचित दबते आणि दबलेले राहते. म्हणजे तुमचा अनुभव खोटा नाही. तुम्ही ऊर्जा खर्च केली आहे, फक्त ती पिशवीत गेली नाही. ‘माझ्या शरीराने किती ऊर्जा खर्च केली?’ आणि ‘हाताच्या बलाने पिशवीवर किती कार्य केले?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पुस्तक दुसरा विचारते, तुमचे दुखणारे हात पहिल्याचे उत्तर देतात.

सपाट वाटेवरचे ३० मीटर याच तर्काने जातात, पण इथे पिशवी हललेली आहे, म्हणून कारण थोडे वेगळे आहे. हाताचे बल सरळ वर, विस्थापन आडवे, दोघांमध्ये ९० अंशांचा कोन. बलाचा जो भाग विस्थापनाच्या दिशेने असतो तेवढाच कार्य करतो आणि इथे तसा भागच नाही. म्हणून सूत्र पूर्ण लिहायचे ते असे: कार्य = बल × विस्थापन × त्यांच्यातल्या कोनाचे कोसाइन. कोसाइन ९०° शून्य आहे. इथे एक प्रामाणिक कबुली द्यायला हवी: खरा माणूस चालताना पिशवी प्रत्येक पावलाला थोडी वर-खाली होते, निघताना तिला वेग द्यावा लागतो, थांबताना तो काढून घ्यावा लागतो. वर जाताना हात धन कार्य करतो, खाली येताना ऋण, निघताना धन, थांबताना ऋण. सगळ्याची बेरीज शून्य होते, कारण शेवटी पिशवी त्याच उंचीवर आणि स्थिर आहे. पुस्तकातले ‘शून्य’ म्हणजे ही बेरीज. वाटेत क्षणोक्षणी काहीच घडत नाही असा त्याचा अर्थ नाही.

कोनाबद्दल एक सूचना, कारण सर्वांत जास्त गुण इथे जातात. गणितात दिलेला कोन उचलून सूत्रात टाकू नका. बलाचा बाण आणि विस्थापनाचा बाण एकाच बिंदूतून निघालेले काढा आणि त्यांच्यातला कोन स्वतः पाहा. ३ मीटर लांब आणि १ मीटर उंच उतरणीवरून ५० किलोचे पिंप वर ढकलले आहे असे समजू. उतरणीचा कोन सुमारे १९.५ अंश येतो आणि मुले गुरुत्वबलाच्या कार्यासाठी तोच घेतात. पण गुरुत्वबल सरळ खाली आहे, विस्थापन उतरणीने वर आहे, त्यांच्यातला कोन ९० अधिक १९.५, म्हणजे १०९.५ अंश. त्याचे कोसाइन उणे एक-तृतीयांश. गुरुत्वबलाचे कार्य ४९० × ३ × (−१/३) = −४९० ज्यूल. आता फळी काढून टाका आणि पिंप सरळ १ मीटर वर उचला: ४९० × १ × (−१), पुन्हा −४९० ज्यूल. वाट कशीही असो, गुरुत्वबल फक्त उंचीतला फरक पाहते. त्यामुळे गुरुत्वबलाच्या बाबतीत मी कोनात जातच नाही. वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंचीतला फरक, वर गेली तर ऋण, खाली आली तर धन. एवढे पुरते. फळीचा फायदा बलात आहे: घर्षण नसेल तर ४९० ऐवजी १६३ न्यूटन लावून भागते, पण तीन मीटर.

आता एक गणित सबंध सोडवून दाखवते, कारण त्यात सगळे धागे एकत्र येतात. २० किलोची लाकडी पेटी आडव्या फरशीवर आहे. तिला दोर बांधून जमिनीशी ३० अंशांच्या कोनात ८० न्यूटन बलाने ओढले आणि ती ५ मीटर सरकली. घर्षण गुणांक, म्हणजे घर्षण फरशीच्या रेट्याच्या किती पट आहे ते, ०.२५ आहे. सुरुवातीला पेटी स्थिर होती. शेवटी तिचा वेग किती?

आधी पेटीवर किती बले लागतात ते मोजा. दोर, गुरुत्व, फरशीचा वरचा रेटा आणि घर्षण, अशी चार. म्हणजे कार्याचे आकडेही चार यायला हवेत. गुरुत्वबल आणि फरशीचा रेटा दोन्ही विस्थापनाला काटकोनात, त्यांचे कार्य शून्य. दोराचे कार्य ८० × ५ × ०.८६६ म्हणजे ३४६ ज्यूल. उरले घर्षण, आणि सापळा तिथेच आहे. बहुतेक जण रेटा म्हणून पेटीचे सगळे वजन, १९६ न्यूटन, घेतात आणि घर्षण ४९ न्यूटन काढतात. पण दोर तिरका वर जातो आहे. त्याच्या बलाचा ४० न्यूटनचा भाग पेटीला वर उचलून धरतो. फरशीला फक्त १५६ न्यूटन पेलावे लागतात. म्हणून घर्षण ०.२५ × १५६ = ३९ न्यूटन आणि त्याचे कार्य −१९५ ज्यूल. फरशीच्या रेट्याचे स्वतःचे कार्य शून्य आहे, तरी उत्तर त्याच्यावर अवलंबून आहे. हे मला दर वेळी सुंदर वाटते.

चारही आकड्यांची बेरीज १५१ ज्यूल. ही निव्वळ कार्याची रक्कम आणि ती पेटीच्या गतिज ऊर्जेतल्या, म्हणजे गतीमुळे असलेल्या ऊर्जेतल्या (अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग), बदलाइतकीच असते. हेच कार्य-ऊर्जा प्रमेय. अर्धा गुणिले २० गुणिले वेगाचा वर्ग बरोबर १५१, म्हणून वेग सेकंदाला सुमारे ३.९ मीटर. वेळ काढली नाही, त्वरण काढले नाही. या प्रमेयाची खरी किंमत अशा वेळी कळते.

याच प्रमेयात तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर आहे. १० किलोची वस्तू एकसमान वेगाने १.५ मीटर वर उचलली. हाताच्या बलाचे कार्य +१४७ ज्यूल. गुरुत्वबलाचे कार्य −१४७ ज्यूल. निव्वळ कार्य शून्य. तुम्ही म्हणता ते शून्य बरोबर आहे आणि पुस्तक म्हणते ते १४७ सुद्धा बरोबर आहे, कारण ती दोन वेगवेगळ्या बलांची उत्तरे आहेत. निव्वळ बलाचे कार्य शून्य, म्हणून गतिज ऊर्जा बदलली नाही. हाताचे कार्य १४७ ज्यूल, म्हणून उंचीमुळे मिळणारी स्थितिज ऊर्जा १४७ ज्यूलने वाढली. ‘कोणत्या बलाने?’ हे लिहिले की भांडण मिटते. ‘पण उचलायला सुरुवात करताना थोडे जास्त बल लागेलच की,’ असेही तुमच्या मनात आले असेल. लागते. सुरुवातीला जास्त लागते आणि वर पोचताना वस्तू आपोआप मंदावत असल्याने कमी लागते. सुरुवातीला आणि शेवटी वस्तू स्थिर असेल तर हाताचे एकूण कार्य बरोबर १४७ ज्यूलच भरते.

ज्यूल म्हणजे किती, याचा हाताला अंदाज असावा म्हणून: साधारण १०० ग्रॅमची वस्तू एक मीटर उचलली की एक ज्यूल. खूपच लहान एकक आहे. एक लिटर पाणी फक्त एक अंश सेल्सियसने तापवायला सुमारे ४,१८६ ज्यूल लागतात. तेवढ्या कार्यात तेच पाणी ४२७ मीटर उंच नेता येईल. जेम्स जूलने १८४० च्या दशकात खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातली पाती फिरवून हे नाते मोजले. पाणी इतके थोडे तापत होते की त्याला अत्यंत बारीक तापमापक वापरावे लागले. वरच्या पेटीच्या गणितात घर्षणाने काढून घेतलेले १९५ ज्यूल असेच फरशीत आणि पेटीच्या तळाशी उष्णता होऊन बसतात. हाताला जाणवत नाहीत, कारण ते खरोखरच फार थोडे आहेत.

आता घर्षण. ‘घर्षण नेहमी ऋण कार्य करते’ हे वाक्य मुले पाठ करतात आणि ते चुकीचे आहे. घर्षण दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरच्या घसरण्याला विरोध करते. वस्तूच्या जमिनीसापेक्ष गतीला विरोध करते असे नव्हे. सेकंदाला २ मीटर वेगाने धावणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर १० किलोचे खोके अलगद ठेवा. क्षणभर पट्टा खालून निसटत राहतो, मग खोके वेग घेते आणि पट्ट्याबरोबर जाऊ लागते. त्याला वेग दिला कोणी? आडव्या दिशेने घर्षणाखेरीज दुसरे बलच नाही. खोक्याची गतिज ऊर्जा शून्यावरून २० ज्यूल झाली, म्हणजे घर्षणाने खोक्यावर +२० ज्यूल कार्य केले. त्याच वेळी पट्ट्यावर घर्षण मागच्या दिशेने लागते, आणि खोके घसरत असताना पट्टा खोक्याच्या दुप्पट अंतर जातो. म्हणून पट्ट्यावर घर्षणाचे कार्य −४० ज्यूल. वीस अधिक, चाळीस उणे, राहिलेले वीस ज्यूल उष्णतेत गेले. ऋण चिन्ह या बेरजेला हमखास येते. एकट्या वस्तूकडे पाहिले तर चिन्ह कोणतेही येऊ शकते. ही बेरीज मी पहिल्यांदा स्वतः करून पाहिली तेव्हा घर्षण गुणांक कुठेच उरला नाही याचे मला फार आश्चर्य वाटले होते. करून पाहा. पट्टा खरखरीत असो की गुळगुळीत, उष्णता २० ज्यूलच. गुळगुळीत पट्ट्यावर खोके जास्त वेळ घसरते, एवढाच फरक.

इथवर जे हाती आले ते एकदा जुळवून घेऊ: कार्य बलाचे असते, बल आणि विस्थापन यांच्यातला कोन चिन्ह ठरवतो, आणि सगळ्या बलांच्या कार्याची बेरीज गतिज ऊर्जेतला बदल देते. पण दोन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि पुस्तके त्यांच्याबद्दल सहसा गप्प असतात.

एक, तुम्ही कुठून पाहता. ट्रकच्या फळीवर २० किलोची पेटी ठेवली आहे, ट्रक निघून सेकंदाला ५ मीटर वेग घेतो आणि पेटी जराही सरकत नाही. रस्त्यावरून पाहणाऱ्यासाठी घर्षणाने पेटीवर २५० ज्यूल कार्य केले. ट्रकमध्ये बसलेल्यासाठी पेटी जागची हललीच नाही, म्हणून घर्षणाचे कार्य शून्य. दोघेही बरोबर आहेत, कारण विस्थापन पाहणाऱ्यागणिक बदलते. गणितात काही सांगितले नसेल तर जमिनीवर उभे राहून पाहायचे, असा संकेत आहे.

दुसरी, बल बदलत असेल तर. बल गुणिले विस्थापन हे सरळ सूत्र बल स्थिर असतानाच चालते. याला मी प्रयोगशाळेत पूर्ण तास देते. स्प्रिंग टांगायची, दर सेंटीमीटरला किती बल लागले ते लिहायचे, आलेख काढायचा. समजा स्प्रिंग अशी आहे की एक मीटर ताणायला २०० न्यूटन लागतील, तर १० सेंटीमीटरला २० न्यूटन. ‘कार्य किती?’ म्हटले की उत्तर येते, २० गुणिले ०.१, दोन ज्यूल. मग मी विचारते, पहिल्या सेंटीमीटरला २० न्यूटन लागले होते का? तिथे फक्त २ लागले होते. आलेखावर बल शून्यापासून २० पर्यंत सरळ रेषेत चढते आणि कार्य म्हणजे त्या रेषेखालचे क्षेत्रफळ. तो त्रिकोण आहे, म्हणून निम्मे: एक ज्यूल. मग पुढचे १० सेंटीमीटर ताणायला लावते. आता आलेखाखाली त्रिकोण नाही, २० पासून ४० न्यूटनपर्यंत चढणारा समलंब चौकोन आहे आणि त्याचे क्षेत्रफळ तीन ज्यूल. तेवढेच अंतर, तिप्पट कार्य. आलेख कागदावर चौकटी मोजणाऱ्या मुलांना हे आधी दिसते आणि इंटिग्रेशन नंतर शिकताना ती घाबरत नाहीत, कारण ते म्हणजे चौकटी मोजण्याचीच अचूक रीत आहे हे त्यांना ठाऊक असते.

वर्तुळाकार गतीत केंद्राकडे ओढणारे बल गतीला सतत काटकोनात असते, म्हणून त्याचे कार्य शून्य, हे तुम्ही वाचले असेल. ते अगदी अचूक वर्तुळाकार वाटेलाच लागू आहे. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे. जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे ३०.३ किलोमीटर असतो, जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर असते तेव्हा २९.३. जवळ येताना सूर्याचे गुरुत्वबल धन कार्य करते, लांब जाताना ऋण, आणि एका फेरीत हिशेब शून्यावर येतो.

आता तुमचे मूळ गणित. वाक्य पूर्ण करू: हाताच्या आणि खांद्याच्या बलाने, पिशवीवर, जमिनीपासून जिन्याच्या वरपर्यंतच्या प्रवासात किती कार्य केले? खांद्यापर्यंत उचलताना १४७ × १.४ = २०५.८ ज्यूल. सपाट वाटेवर शून्य. जिन्यावर विस्थापन तिरके आहे, पण बल सरळ वर आहे, म्हणून कोसाइन त्या तिरक्या लांबीतून फक्त ४ मीटर उंची उचलते: १४७ × ४ = ५८८ ज्यूल. एकूण ७९३.८, पुस्तकातले ७९४. गुरुत्वबलाने पिशवीवर केलेले कार्य −७९३.८ आणि निव्वळ कार्य शून्य, कारण पिशवी सुरुवातीलाही स्थिर होती आणि शेवटीही.

आणि जिना चढून आल्यावर दम का लागतो, तेही याच रीतीने काढून पाहा. तुमचे वस्तुमान ६० किलो धरले तर ४ मीटर चढताना तुमच्या स्वतःच्या शरीराची स्थितिज ऊर्जा ६० × ९.८ × ४, म्हणजे २,३५२ ज्यूलने वाढते, पिशवीच्या जिन्यावरच्या ५८८ च्या चौपट. ही ऊर्जा पायरीने दिलेली नाही. पायरी पायाला वर रेटते खरी, पण तो रेटा लागत असताना तळपाय पायरीवर टेकलेला असतो, जागचा हलत नाही, म्हणून पायरीच्या बलाचे कार्य शून्य. सगळे ज्यूल तुमच्या स्वतःच्या स्नायूंतून, मुख्यतः पायांच्या, आलेले आहेत.